१७८७ आधी अमेरिकेला राज्यघटना नव्हती का? मग नवी का लिहिली?

होती, पण तिच्यात केंद्राला कर बसवायचा अधिकारच नव्हता, म्हणून ती बदलावी लागली. १७८१ पासून लागू असलेल्या त्या जुन्या घटनेनुसार, म्हणजे राज्यांमधल्या करारनाम्यानुसार (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन), काँग्रेसने, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या केंद्रीय सभेने, राज्यांकडे नुसते पैसे मागायचे. द्यायचे की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर. शिवाय दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. आयात मालावर ५ टक्के कर लावायचा प्रस्ताव चिमुकल्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडला, आणि स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांचे पगार थकलेलेच राहिले! म्हणूनच फिलाडेल्फिया शहरात लिहिलेल्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्याला ९ राज्यांची मंजुरी पुरेशी ठरवली. मात्र जुनी व्यवस्था अगदीच निकामी नव्हती: ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालणारा १७८७ चा कायदा त्याच काँग्रेसने केला.