‘बाँब चार्ज करा’ असं पाटीवर लिहावं का?

प्रश्न असा आहे. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिपाडाचं उष्मामूल्य, म्हणजे ते जळताना किती उष्णता निघते हे, मोजायला नवा बाँब कॅलरीमीटर आलाय. तो पहिल्यांदा चालवण्याआधी काय काय बघायचं, याची मराठी पाटी भिंतीवर लावायची आहे. यंत्राला उष्णतामापी म्हणावं, उष्मामापी म्हणावं की कॅलरीमापी? ‘बाँब’ हा शब्द ठेवावा की गाळावा? आणि पुस्तिकेतल्या ‘चार्ज द बाँब’ला मराठीत काय लिहावं?

उष्णतामापी हा शब्द बनावटीला चांगला आहे, पण आपल्या भागात तो पाटीवर नको. इथल्या प्रयोगशाळेत मराठी शाळेतून आलेला माणूस आणि कन्नड शाळेतून आलेला माणूस एकाच टेबलावर काम करतात. कन्नडमध्ये उष्णतामापक म्हणजे थर्मामीटर, आणि हवामानाच्या कन्नड बातम्यांतला उष्णांश म्हणजे तापमान. मराठीत उष्मांक म्हणजे कॅलरी. ‘उष्णतामापी नीट बसवला आहे ना पाहा’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्यांपैकी एकजण फक्त थर्मामीटर हलवून बघेल आणि पुढे जाईल. उष्मामापीचीही तीच अडचण. महाराष्ट्राच्या शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत कॅलरीमापी हा शब्द आहे, तोच घ्या. कॅलरी दोन्ही भाषांत कॅलरीच आहे.

‘बाँब’ मात्र गाळू नका. नुसतं कॅलरीमापी वाचलं की शाळेत पाहिलेला लाकडी पेटीतला तांब्याचा पेला आणि त्यातली ढवळणी आठवते. त्यात गरम पाण्याहून धोक्याचं काही नसतं. तुमच्याकडे आलेलं यंत्र निराळं आहे. जाड पोलादी भांडं, आत एक ग्रॅमच्या आसपास नमुना, वर २५ ते ३० बार दाबाचा शुद्ध ऑक्सिजन आणि विजेनं पेटवायची तार. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांनी १८८१च्या सुमाराला ही पद्धत रूढ केली आणि त्या भांड्याला ‘बाँब’च म्हटलं. ते फुटण्यासाठी नसतं, आतलं ज्वलन आतच धरून ठेवण्यासाठी असतं. पहिल्या ओळीत ‘बाँब, म्हणजे जाड पोलादी दाबपात्र’ असं एकदा लिहा आणि पुढे सगळीकडे बाँबच म्हणा. सुटे भाग मागवतानाही हाच शब्द लागतो. स्फोटपात्र असलं काही मुळीच नको, ते चुकीचं आहे आणि माणूस विनाकारण घाबरतो.

आता चार्ज. माझ्या मते तुमच्या पाटीतला सगळ्यात जोखमीचा शब्द हाच आहे. आपण मोबाइल चार्ज करतो, बॅटरी चार्ज करतो. चार्ज म्हटलं की वीज, हे डोक्यात पक्कं बसलंय. आणि या बाँबला विजेची टोकं खरोखरच असतात! ‘बाँब चार्ज करा’ वाचून कुणी ऑक्सिजन भरायच्या आधीच टोकांना वायर जोडली, तर दोष त्याचा नाही, पाटीचा. ‘बाँबमध्ये ऑक्सिजन भरा’ असं सरळ लिहा. ‘हवा भरा’ही नको. टायरच्या सवयीनं तोंडात तेच येतं, पण साध्या हवेत नमुना पुरता जळत नाही, आत काजळी उरते आणि आकडा खोटा येतो. ‘फायर’साठी ‘तार पेटवा’ पुरे. त्याच ओळीत लिहा, की त्या वेळी आणि नंतरही थोडा वेळ बाँबवर वाकून बघू नये.

तुम्ही विचारलेलं नाही, पण आणखी एक शब्द सांगायलाच हवा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत असो की साखर कारखान्यात, नवं यंत्र आलं की आपण म्हणतो, ‘आधी तेलपाणी करून घ्या.’ दुसऱ्या यंत्रांना हा सल्ला योग्यच आहे. इथे तो घातक आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या तोंडाला, रेग्युलेटरला, नळीला किंवा बाँबच्या आट्यांना तेल-ग्रीसचा हातही लागता कामा नये. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढचा वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि वाटेत तेलाचा अंश असला तर तिथंच पेट घेतो. म्हणून ‘व्हॉल्व्ह सावकाश उघडा’ आणि ‘तेल-ग्रीस लावू नये’ या दोन सूचना शेजारी शेजारी हव्यात, आणि ‘तेलपाणी’ हा शब्द पाटीवर नको. खंडेनवमीला यंत्राची पूजा होणारच, ती व्हावी. फक्त समई आणि उदबत्ती सिलिंडरपासून लांब ठेवा.

बाकीच्या शब्दांची फारशी अडचण नाही. नमुना ठेवायच्या क्रुसिबलला मूस म्हणा, फाउंड्रीवाल्याला आणि सोनाराला तो शब्द रोजचा आहे. पेलेटला गोळी. कॅलिब्रेशनला अंशशोधन वगैरे लिहिलंत तर कुणी वाचणार नाही. त्यापेक्षा ‘आधी बेंझोइक आम्लाची गोळी जाळून यंत्र तपासा’ असं लिहा. त्या आम्लाचं उष्मामूल्य ठरलेलं आहे, ग्रॅमला सुमारे २६.४३ किलोज्यूल, म्हणजे ६,३१८ कॅलरी. चिपाडाला हात त्यानंतरच. ‘लीक टेस्ट’साठी ‘भरलेला बाँब पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहा, आले तर पेटवू नका’ हे वाक्य लांब आहे, पण ते तोडू नका. अर्थिंग हा शब्द तसाच ठेवा, ‘भूसंपर्कन’ म्हटलं तर वायरमनलाही कळणार नाही.

कन्नड पाटी शेजारीच लावणार असाल, तर कॅलरी, बाँब आणि ऑक्सिजन हे तिन्ही शब्द तिथेही असेच राहू द्या, आणि दाबाचा आकडा दोन्ही पाट्यांवर एकाच एककात लिहा. गेजवर बार असेल तर बारच.