वाघ नाही घेतला तर चालतंय का?

या महिन्यात फोटोग्राफीची जी पत्रं आली त्यातली बरीच एकाच टाइपची निघाली. जंगल सफारीचा सीझन सुरू व्हायला आलाय ना, आपल्याकडची पोरं ताडोबा, पेंच, मेळघाटकडं कामाला निघालीत, कोणी रिसॉर्टच्या किचनला, कोणी फ्रंट डेस्कला, आणि सगळ्यांच्या बॅगेत आजकाल एक सेकंडहॅण्ड कॅमेरा असतोच. मी पण दोन सीझन असेच काढलेत म्हणून या वेळी सगळी जागा त्यांनाच देऊन टाकली. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर त्याहून मोठं झालंय, सांभाळून घ्या.

प्रश्न : दादा, मी कन्नड तालुक्यातला. दोन सीझन झाले ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ एका रिसॉर्टमधे काम करायलो, ऑक्टोबरला जातो आणि जूनअखेर घरी येतो. क्रॉप सेन्सरचा जुना कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ किट लेन्स, बस. मला वाघापेक्षा झाडं, तळं, डोंगर, ढग यांचेच फोटो काढू वाटतात पण रूममधली पोरं हसतात, घरचे पण म्हणतात एवढं ताडोबात राहून वाघ दाखवना तू. त्यात ड्यूटी अशी की मोकळा वेळ दुपारी दोन ते पाच, म्हणजे सगळ्यात फालतू उजेड. सफारी वर्षातून दोन-तीनदाच भेटते. यात लँडस्केप कसं करायचं?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : भाऊ, आधी हसणाऱ्यांचं बघू. वाघाचा फोटो काढायला चारशे एमएमची लांब लेन्स आणि नशीब लागतं, आणि काढला तरी त्या दिवशी शेजारच्या आठ जिप्सीतल्या चाळीस लोकांकडं तोच फोटो असतो. तुझ्याकडं जे आहे ते त्या चाळीस जणांकडं नाही, ते म्हणजे नऊ महिने. टुरिस्ट दोन रात्री राहतो, त्याला जो उजेड मिळाला तो मिळाला. तू एकाच झाडाला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत बघणार. लँडस्केपवाल्याला यापेक्षा मोठी चैन नाही, आणि वर पगार भेटतोय.

अँसेल अ‍ॅडम्सचं नाव ऐकलं असशीलच, ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केपचा अमेरिकन बाप माणूस. तो पण सीझनल कामगारच होता बरं का. १९१६ ला, चौदा वर्षांचा असताना, घरच्यांसोबत योसेमिटीला, तिकडच्या नॅशनल पार्कला, गेला, हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा. मग १९२० ला त्यानं तिथंच सिएरा क्लबच्या लॉजवर उन्हाळ्यापुरती केअरटेकरची नोकरी धरली, पुढचे काही उन्हाळे तेच काम. हाफ डोम नावाच्या कड्याचा त्याचा जो गाजलेला फोटो आहे तो १० एप्रिल १९२७ चा. म्हणजे त्या जागेला अकरा वर्षं बघून झाल्यावरचा. काचेच्या प्लेटा (तेव्हा फिल्मच्या जागी त्या असायच्या) संपत आलेल्या, दोनच उरल्या होत्या, पहिली पिवळा फिल्टर लावून मारली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आभाळ असं फिकट येणार, आपल्या मनात जे आहे ते नाही येणार, म्हणून शेवटच्या प्लेटला गडद लाल फिल्टर लावला. आभाळ जवळजवळ काळं आलं आणि कडा अंगावर आला. आणि हा फोटो पहाटेचा नाही, दुपारचा आहे! कारण त्या कड्याच्या तोंडावर ऊनच दुपारी पडतं, हे त्याला माहीत होतं.

तर दोन ते पाच फालतू असं नको म्हणू. डिसेंबर-जानेवारीत साडेचारला ऊन चांगलंच तिरपं झालेलं असतं, पाचपर्यंत तुला रिसॉर्टच्या आजूबाजूला बांबूच्या लांब सावल्या भेटतात. एप्रिलमधे मात्र खरंच वरून आग, तेव्हा सरळ ब्लॅक अँड व्हाइटमधे विचार कर, कुलूचं झाड शोध, ज्याला टुरिस्ट लोक घोस्ट ट्री म्हणतात, पांढरीफट्ट साल आणि एक पान नाही, कडक उन्हात निळ्या आभाळावर ते झाड काय उठतं! लाल फिल्टर विकत घ्यायची गरज नाही, रॉ मधे (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ आणि ब्लॅक अँड व्हाइट करताना निळा रंग खाली ओढ, तेच काम होतं. मे मधे दुपारी वळवाचे ढग चढायला लागतात तेव्हा तर दोन ते पाच हीच सगळ्यात भारी वेळ, फक्त वीज चमकायला लागली की ट्रायपॉड गुंडाळून आत.

आणि एक वेळ तू मोजलीच नाहीस. गेस्टला पहाटे चहा-बिस्किटं देऊन जिप्स्या गेल्या की रिसॉर्ट एकदम गप्प होतं, नाष्ट्याची गडबड सुरू व्हायच्या आधी अर्धा तास तरी असतो. माझे चांगले फोटो सगळे त्या अर्ध्या तासातले आहेत, एकदा तर ॲप्रन घालूनच, हाताला कांद्याचा वास. तिकडं सूर्य आपल्या कन्नडपेक्षा पंधरा-सतरा मिनिटं आधी उगवतो हे ध्यानात ठेव, घरच्या अंदाजानं उठलास की लाली गेलेली असते. दुसरं, सूर्य जागा बदलतो. ताडोबाच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटाला तो बरोबर पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेकडून उगवतो आणि जूनला २५ अंश उत्तरेकडून. हात सरळ ताणून मूठ धरली की ती साधारण दहा अंशाची होते, म्हणजे तुझ्या सीझनमधे सूर्य क्षितिजावर पाच मुठी सरकतो. रिसॉर्टच्या गच्चीवर उभा राहून कोणत्या महिन्यात कोणत्या झाडामागून येतो ते एका वहीत लिहून ठेव, किचनच्या स्टॉकच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं तरी चालतंय.

मग एकच फ्रेम ठरव. ऑक्टोबरला गवत पुरुषभर आणि सगळं हिरवं, डिसेंबर-जानेवारीला पाण्यावर धुकं, फेब्रुवारी-मार्चला सागाची पानगळ आणि पळस पेटलेला, एप्रिल-मे मधे बहावा पिवळा आणि हवेत धूळ-धूर, जूनला पहिला पाऊस पडला की आठवड्यात सगळं फिरतं. तीच जागा, तीच उंची, तेच फोकल लेंथ (झूमचा आकडा), दर पंधरा दिवसाला एक. मार्च-एप्रिलचं धुरकट बघून पोरं कॅमेरा ठेवून देतात, उलट तेव्हा सूर्याकडं तोंड करून लेन्स ५५ वर घे आणि झाडांच्या ओळी एकामागं एक फिकट होत गेलेल्या काढ, ते धुक्यासारखंच काम करतं.

किट लेन्सची लाज वाटू देऊ नको. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ ते ११ वर ठेवलं की ती मस्त चालते, १६ च्या पुढं भोक फार बारीक होतं आणि डिफ्रॅक्शननं (उजेड पसरून) फोटो मऊ पडतो. आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदाचा टायमर, झालं. सफारीत मात्र खाली उतरायला परवानगी नसते आणि जिप्सीत ट्रायपॉड पण कामाचा नाही, तिथं एका जुन्या पिशवीत मूग भरून शिवून घे, दांडीवर ठेव, त्यावर कॅमेरा, ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांग. (मूग किचनमधून घेशील तर शेफला सांगून घे, माझ्या पगारातून कापले होते.) मोबाइल कोअरमधे, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, वापरू देत नाहीत, म्हणून सूर्याचं ॲप वगैरे जे बघायचं ते आदल्या रात्री. ड्रोनचं तर नावच काढू नको.

मंगळवारी कोअर बंद असतो, जमलं तर वीकली ऑफ तोच माग, त्या दिवशी गेस्ट कमी म्हणून देतात पण पटकन. मोहर्लीच्या बाजूला इरई धरणाचं पाणी आहे, रस्त्यावरून संध्याकाळ चांगली दिसते.

आता जे सांगतो ते नीट ऐक. एकटा, पायी, पहाटे किंवा अंधारात कुठंच जायचं नाही. तळ्याच्या काठावर नाही, नाल्यात नाही, ‘गेटच्या बाहेरच तर आहे’ म्हणून पण नाही. बफरमधे, म्हणजे कोअरच्या भोवतीच्या पट्ट्यात, पण वाघ आहे, मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेल्या माणसांवर चंद्रपूर जिल्ह्यात हल्ले होत आलेत आणि ती माणसं त्या जंगलात जन्मलेली होती. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही. गच्ची, कंपाउंड, रस्त्यावर गाडीत, लोकल गाइड सोबत असेल तर त्याच्या म्हणण्याप्रमाणं. तिकडचे ड्रायव्हर ‘काहून बे, वेडा झाला का’ म्हणले की आपण निमूट परत फिरायचं.

प्रश्न : माझ्या लेन्समधे आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसायलंय. गेल्या सीझनला जंगलातल्या एका लॉजवर होते. धूळ आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, धूळ नाही, फंगस आहे, म्हणजे बुरशी. पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत बंद करून कपाटात ठेवला असणार. जाळं बारीक असेल तर रिपेअरवाला उघडून साफ करून देतो, फार वाढून काचेचं कोटिंग खाल्लं असेल तर खर्च लेन्सच्या किमतीएवढा जातो, मग राहू द्या. बाकीच्या लेन्सपासून ती आधी वेगळी ठेवा. यापुढं झाकण घट्ट बसतं तो किचनचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, जेल रंग बदलणारं घ्या म्हणजे ओलं झालेलं कळतं, मग तापवून परत वापरायचं. आणि अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून फोटो काढत जा.

एसी रूममधून कॅमेरा एकदम बाहेर दमट हवेत नेला की काचेवर पाणी धरतं ते वेगळं. मी एकदा एका लॉजवर रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा पहाटे घेऊन पळत सुटलो, समोर पहिल्या पावसानंतरचं लाल आभाळ आणि लेन्सवर नुसती वाफ, पुसली की परत, पुसली की परत, ती निवळेपर्यंत लाली संपलेली. अर्धा तास आधी बॅग बंद ठेवूनच बाहेर ठेवायची, बस एवढंच.

प्रश्न : मी जिथं कामाला होतो त्यांनी मी काढलेला तळ्याचा फोटो त्यांच्या ब्रोशरवर छापला. नाव नाही, पैसे नाही. विचारलं तर म्हणे तू आमचा नोकर होतास, फोटो आमचा. खरं का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : तुमचं काम काय होतं त्यावर आहे. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, त्याचं कलम १७ बघा. नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो, किंवा कोणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, त्याचा पहिला मालक काम देणारा, जर वेगळा करार नसेल तर. पण तुम्ही वेटर म्हणून लागला होता आणि सुट्टीच्या वेळात स्वतःच्या कॅमेऱ्यानं स्वतःच्या मनानं काढला तर तो ‘नोकरीत केलेलं काम’ कसा होईल? तो तुमचा. आधी ॲपॉइंटमेंट लेटर काढा आणि त्यात फोटो-व्हिडिओबद्दल एखादी ओळ घुसडलीय का ते वाचा, हल्ली घुसडतात. नसेल तर ओरिजिनल रॉ फाइल जपून ठेवा, तोच तुमचा सातबारा. मग साध्या भाषेत लेखी कळवा की नाव टाका किंवा मोबदला द्या. पहिल्या पत्रातच वकिलाची भाषा नको, सीझन परत येतो आणि तिकडं सगळे मॅनेजर एकमेकांना ओळखतात.

प्रश्न : मराठवाड्यात एकही नॅशनल पार्क नाही. नोकरी सोडून तिकडं जाता येत नाही. आमच्यासारख्यांनी काय फक्त बघत बसायचं?
— एक वाचक, पैठण

उत्तर : पैठणला राहून हा प्रश्न! नॅशनल पार्क नाही हे खरं, राज्यातले सहाही बाहेर आहेत. पण तुमच्या दाराशी नाथसागर आहे राव, १९७६ ला पूर्ण झालेल्या धरणाचं पाणी, १९८६ पासून पक्षी अभयारण्य, ३४० चौरस किलोमीटरच्या आसपास पसारा. लोक तिथं रोहित पक्ष्यांसाठी जातात, तुम्ही पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळासाठी जा. हिवाळा संपता संपता काठाचा चिखल तडकायला लागतो, त्या भेगा जवळून वाइड लेन्सनं आणि मागं सपाट पाणी. काठावर कमरेएवढं खाली बसून काढा, उभं राहून काढलं की नुसता आडवा पट्टा येतो. चिखलावर पाय टाकायच्या आधी काठीनं बघा, वरून सुकलेला असतो आणि खाली गुडघाभर.

आणि पहिल्या पत्रातल्या कन्नडच्या भावालाही हेच. कोअर १ जुलैपासून सप्टेंबरअखेर बंद म्हणून तू घरी येतोस, म्हणजे आपल्या कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य नेमकं हिरवं असताना तू घरी! वर्षभर वाळलेला तो डोंगर तीन महिने कोणाला ओळखू येत नाही. औट्रम घाटात ढग खाली उतरतात, पितळखोऱ्याच्या लेण्यांसमोर ओढा वाहतो, अंतूरच्या किल्ल्यावरून खानदेशाकडची उतरण दिसते. रविवारी जाऊ नको, घाटात गाड्यांची जत्रा असते आणि धबधब्याखाली डीजे. मधल्या वारी, पाऊस उघडल्यावर लगेच, तासाभरात. पोलरायझर असेल तर लाव, ओल्या पानांवरची चमक मारतो आणि हिरवा रंग खरा येतो. पाण्याचं दूध करायचं असेल तर शटर अर्धा ते एक सेकंद उघडं राहिलं तरी पुरे, तीस सेकंदाचे धबधबे बघून बघून मला तरी कंटाळा आलाय. ट्रायपॉडवर छत्री धरायला घरातलं एखादं बारकं पोरगं सोबत ने, त्याला भजे खाऊ घालायचे.

फोटो पाठवणाऱ्यांनी जागा, महिना आणि वेळ लिहून पाठवा. वाघ असला तरी चालेल.