मुलाला मीटरवर मजुरी

प्रश्न : मुलगा इचलकरंजीत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बोलायला बरा आहे, म्हणून एचआरमध्ये (कंपनीतल्या माणसांचं व्यवस्थापन) एमबीए करायचं ठरवलंय. पण त्याला मोटिव्हेशनच नाही. प्रवेश परीक्षेच्या दर मॉक टेस्टला (सराव परीक्षेला) ५०० रुपये लावले, ९० पर्सेंटाइलला बाइक कबूल केली, मार्क कमी आले की मोबाइल काढून घेतो. महिनाभर चाललं, आता पुस्तकाला हात लावत नाही. आमच्या मागाच्या शेडमध्ये कामगारांशी गप्पा मारतो, त्यांच्या पाळ्यांचे तक्ते करत बसतो. काय करावं?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. एमबीए ‘करायचं ठरवलंय’, पण ठरवलंय कुणी? मुलाचं म्हणणं पत्रात कुठेच नाही. बक्षिसाचा दर मात्र रुपयांत आहे. तुम्ही मुलाला मीटरवर मजुरी लावलीत, आणि आता त्याला कापड विणायची गोडी का नाही, असं मला विचारताय.

‘महिनाभर चाललं’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण गोम तिथेच आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठोकळ्यांचं कोडं कॉलेजची मुलं आवडीने सोडवत होती. त्यातल्या एका गटाला मध्येच सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि मग पैसे बंद केले. मोकळ्या वेळात कोड्याकडे वळण्याची त्या गटाची ओढ आधीपेक्षा कमी झाली. तुमच्या मुलाला तर अभ्यासाची आवड होती की नव्हती, हेसुद्धा आता कळायची सोय राहिली नाही. मोबाइल काढून घेणं आजच थांबवा. एकवीस वर्षांच्या मुलाला हे करणं बरं दिसत नाही. बाइक घ्यायचीच असेल तर घ्या, पण पर्सेंटाइलचं नाव काढू नका.

‘बोलायला बरा म्हणून एचआर’ हा समज मला दर हंगामात भेटतो. लोकांना वाटतं, एचआरवाला स्टेजवर चढून भाषण ठोकतो आणि कामगार पेटून कामाला लागतात. पण माणूस असा पेटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं, कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? हा अभ्यास १९५९ मध्ये पुस्तकरूपाने आला. वाईट वाटण्यामागे बहुतेकदा कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगाराची कुरबूर होती. बरं वाटलं ते काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी अंगावर आली तेव्हा. पगार महत्त्वाचा नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. पगार उशिरा झाला की माणूस सोडून जातो. पण तो वेळेवर मिळाला एवढ्याने कुणी जीव ओतून काम करत नाही. एचआरचं रोजचं काम हजेरी, पीएफ, खाडे, तक्रारी असं रूक्ष असतं. त्यात बोलण्यापेक्षा ऐकणं जास्त.

आणि ऐकायला तुमचा मुलगा फुकटात बसतोय! तो तक्ता त्याने का केला, हे विचारलंत का? रात्रपाळीला कोण खाडा करतो आणि का, हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक असेल, अशी मला शंका आहे.

म्हणून यंदा एकही फॉर्म भरू नका. पदवी झाली की त्याने वर्षभर नोकरी करावी, तीही तुमच्या शेडमध्ये नको. मालकाच्या पोराला कामगार सगळं खरं सांगत नाहीत. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवतात तिथे, चिकटला तरी पुरे. पगार कमी असेल, असू दे. वर्षाने त्याला स्वतःला एमबीए करावंसं वाटलं तर प्रवेशासाठी कॅट आहे, राज्याची सीईटी आहे. तयारीचं तेव्हा बघू. नाही वाटलं तर तुमचे माग आहेतच, आणि त्यात कमीपणा काय?

तोवर त्या तक्त्याचा फोटो मला पाठवायला सांगा. सोबतचं पत्र मात्र त्याने लिहावं, तुम्ही नाही.