भाऊ लोकलमध्ये चढायलाच तयार नाही, हा पीटीएसडी असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की दिवा स्टेशनजवळ लोकलच्या दारातून एकजण पडताना तुमच्या भावाने पाहिला, त्याला चार महिने झाले. आता तो दोन बस बदलून कामावर जातो, रात्री दचकून उठतो आणि आई दर शनिवारी मीठमोहऱ्या ओवाळते. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर जडणारा मानसिक आजार, त्याचं निदान डॉक्टरच करतील. पण मी कळव्याचा आणि यातून गेलेला, म्हणून लिहितो.

लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्या आमच्या ग्रुपमधला एकजण असाच पडून गेला. पडताना मला तो धड दिसलाही नाही. डोक्यात राहिली त्याची बॅग. ती रॅकवर तशीच होती. ठाणे आल्यावर कुणीतरी खाली काढली, तेव्हा आतला डबा खडखडला. पुढे कित्येक महिने घरात स्टीलचं भांडं पडलं की माझे तळहात ओले व्हायचे.

असं काही पाहिल्यावर पहिले काही आठवडे झोप उडणं साहजिक आहे, बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही तेच चित्र परत परत समोर येणं, ती जागा टाळणं, जराशा आवाजाने दचकणं, घरच्यांपासून तुटल्यासारखं होणं, आणि त्यापायी रोजचं काम अडणं, असं सगळं एकत्र आलं की पीटीएसडीचा विचार करतात. स्वतःला खरचटलेलंही नसलं तरी होतो, नुसतं समोर पाहणं पुरतं. एरवी आठवण भूतकाळात जाते, ही वर्तमानकाळातच अडकून बसते. जुनी माणसं 'धसका घेतला' म्हणतात, ते बरंच जवळ जातं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेला शेलशॉक म्हणत. पीटीएसडी हे नाव व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं.

मी दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. ईसीजी नॉर्मल. आपल्याकडे पुरुषाला 'घाबरलोय' म्हणता येत नाही, 'पित्त झालंय' म्हणता येतं. त्यात मुंबईचं ते कौतुक, काहीही होवो, दुसऱ्या दिवशी सगळे कामावर! आणि अख्ख्या महाराष्ट्रात 'याला ठाण्याला न्या' म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. आम्ही तर ठाण्यातच राहणारे, मनोरुग्णालय १९०१ पासून शेजारी. तरी मानसोपचाराच्या ओपीडीत जाताना मी तोंडाला रुमाल बांधला होता.

डॉक्टरांनी सर्ट्रालिन नावाचं औषध दिलं, त्याचा गुण यायला काही आठवडे लागले. खरं काम केलं ते समुपदेशक बाईंनी. डोळे मिटून तो प्रसंग सांगायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा, घरी रोज ऐकायचा. पहिल्यांदा डब्याच्या आवाजापाशी येऊन मी थांबलो, पुढे बोलताच येईना. आठव्या-नवव्या वेळी चक्क कंटाळा आला. त्या म्हणाल्या, हाच कंटाळा हवाय. मग नुसतं फलाटावर उभं राहून गाड्या सोडायच्या, मग दुपारच्या रिकाम्या गाडीने कळवा ते ठाणे, एकच स्टेशन. टाळत गेलं की भीती पोसली जाते, हे तेव्हा अंगाला कळलं. ईएमडीआर नावाची, नजर डावी-उजवीकडे फिरवत आठवण हाताळायची पद्धतही आहे, ती मी घेतलेली नाही.

भावाला ओढून गाडीत चढवू नका. 'विसर आता' म्हणू नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्हींनी हे बरं होत नाही. आईला मीठमोहऱ्या ओवाळू द्या, त्यात त्याचं काही बिघडत नाही, फक्त तेवढ्यावर थांबू नका. एकदम दवाखान्यात यायला लाजत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात. आणि मरावंसं वाटतं असं तो बोलला तर त्याच दिवशी घेऊन जा.

मी आता रोज लोकलनेच जातो. बॅग मात्र रॅकवर टाकत नाही, पुढे छातीशी धरतो. बाई म्हणाल्या, असू दे.