संध्याकाळची भूक, मोसंबीचा ज्यूस आणि माझं वाया गेलेलं वर्ष

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. वजन ९१ किलो, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, डाएटवाल्यांनी फळं पूर्ण बंद केलेली, ऐरोलीच्या ऑफिसात संध्याकाळी पाचला भुकेने जीव कासावीस होतो, आणि प्रश्न असा की निदान बिनसाखरेचा ताजा ज्यूस तरी चालेल का. वाचून झोप लागेना. २०१८ साली मी याच फेऱ्यात अडकले होते, फक्त क्रम उलटा होता. आधी ज्यूस, मग फळबंदी.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. माझ्या शरीराचा हिशेब तुमच्या शरीराला लागू होईलच असं नाही. चालणं, झोप, तेल, मैदा यावर काही लिहीत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

माझं ऑफिस ठाण्यात, घर सानपाड्याला. संध्याकाळी वाशी लोकल पकडायच्या आधी स्टेशनबाहेर मोसंबीचा मोठा ग्लास ठरलेला. साखर नको, बर्फ नको, आणि "नीट गाळून द्या". आठ महिने. वडापाव सोडून मी हे करत होते, त्यामुळे मनाला समाधान होतं की आपण योग्य तेच करतोय. घरी पोचेपर्यंत पुन्हा कडकडून भूक, आणि कुकर होईपर्यंत फरसाणाचा डबा.

त्याच काळात वजन कमी करून देणाऱ्या एका केंद्राचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं होतं. नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी भरायला दिलेल्या फॉर्मवर एक रकाना होता: फळे – रोज / कधीतरी / नाही. मी "रोज"वर खूण केली, कारण माझ्या लेखी मोसंबी ती मोसंबी. खाता की पिता, किती, कधी, कशाच्या जागी, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, १६८ वरून २४१ वर गेले. समोरच्या मॅडमनी त्या रकान्यावर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "फळं बंद. फ्रुक्टोज." म्हणजे फळातली साखर. मी विचारलं, पेरूसुद्धा? तोवर त्यांनी पुढचं नाव पुकारलं होतं.

मला आजही याचाच राग येतो. दोष ज्यूसचा होता आणि शिक्षा पेरू, पपई, संत्र्याला झाली. फळांच्या जागी त्यांच्याच छापील कागदावर "डायजेस्टिव्ह बिस्किटे २" असं होतं. दोन बिस्किटांनी पाचची भूक भागत नाही. दोनाची पाच होतात, सोबत चहा होतो. वर्षभरात चार किलो वाढले आणि पैसे गेले ते वेगळेच.

शेवटी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "त्या ग्लासात किती मोसंब्या असतात?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ज्यूसच्या गाडीपाशी उभी राहून मोजल्या. पाच. हँडल खाली दाबलं की अर्धी मोसंबी चपटी व्हायची, गाळणीत उरलेला ओला चोथा ज्यूसवाला निळ्या बादलीत झटकायचा, आणि पुढची अर्धी. बादली जवळजवळ भरलेली होती. मी तशाच पाच मोसंब्या विकत घेतल्या, घरी आणल्या आणि सोलायला बसले. एक खाल्ली. दुसरीच्या शेवटच्या फोडी सावकाश गेल्या. तिसरी सोललीच नाही, इच्छाच उरली नव्हती. दोन मोसंब्यांना वीस मिनिटं लागली होती. ग्लास मी दीड-दोन मिनिटांत संपवत होते.

नंतर वाचलं तर हे तपासून झालेलं आहे. १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सफरचंदाचा प्रयोग आला होता: अख्खं सफरचंद, त्याचा लगदा आणि रस. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट लवकर पिऊन झाला, पोट सर्वांत कमी भरलं, इन्सुलिन जास्त चढलं आणि नंतर रक्तातली साखर झपकन खाली आली. ती माणसं निरोगी होती आणि फक्त दहाच होती, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा २००९ चा प्रयोग मला अधिक पटला. जेवणाआधी पंधरा मिनिटं सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्यांच्या पोटात एकूण १५ टक्के कमी कॅलरी गेल्या, त्यात सफरचंदही धरलेलं. रसाने तसं झालं नाही, रसात तंतू (फायबर) मिसळून दिला तरी नाही. म्हणून रसात इसबगोल ढवळून पिण्याचा सल्ला कुणी दिला तर माझा विश्वास बसत नाही. चावणं, फळाचं आकारमान, लागणारा वेळ, हे सगळं मिळून पोट भरतं.

साखरेचंही तसंच. संत्र्या-मोसंबीच्या ३०० मिली रसात साधारण २५ ग्रॅम साखर असते, वरून घातली नाही तरी. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर चहातल्या साखरेच्याच गटात धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. रसातलं फ्रुक्टोज एकदम यकृताकडे जातं आणि जास्त झालं की त्याची चरबी बनते, ट्रायग्लिसराइड्स तिथून वाढतात. २०१३ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंद जास्त खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका कमी दिसला, ज्यूस जास्त पिणाऱ्यांत वाढलेला दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, पुरावा म्हणून त्याला मर्यादा आहेत. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला "फळं बंद" म्हणून सरसकट सांगणाऱ्यांनी तो एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचं. माझं मत विचाराल तर ज्यूस नाही, बिनसाखरेचाही नाही. साडेचारला, म्हणजे भूक अंगावर यायच्या आधी, एक मध्यम पेरू बियांसकट चावून खा, सोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये पाच ग्रॅमच्या आसपास तंतू असतो, सफरचंदात त्याच्या निम्मा. तरी बाजारात सगळे सफरचंदच का मागतात कळत नाही. संत्रं, पपई, जांभूळ, मोसंबी, काहीही चालेल. केळ्याने पोट कमी भरतं असा माझा अनुभव आहे. चिकू आणि सीताफळ लहान घ्या, पण त्यांना घाबरू नका. हापूसही खा, गराला १०० ग्रॅममागे ६० च्या आसपास कॅलरी असतात. फक्त फोडी कापून खा. आमरसाची वाटी पुऱ्यांबरोबर रिकामी होते आणि कळतही नाही.

फळ कशाच्या तरी जागी आलं पाहिजे. जेवणावर वरून खाल्लेल्या फळाने माझं वजन कधीच उतरलं नाही. बिस्किटांच्या जागी आलं तेव्हा दीड वर्षात सहा किलो उतरले आणि ट्रायग्लिसराइड्स १५० च्या खाली आले. त्यात संध्याकाळच्या चालण्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय पेरूला देणार नाही.

दोन-तीन गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांवर असताना जेवणाऐवजी नुसतं फळ खाल्लं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे केळं, मोसंबी, शहाळं यांचं प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस खाण्याआधी विचारा, काही स्टॅटिन गोळ्यांचं प्रमाण त्याने रक्तात वाढतं.

स्टेशनवर कापून ठेवलेल्या फळांचे डबे मी घेत नाही. किती वेळ उघड्यावर आहेत ते कळत नाही, वर चाट मसाल्याचं मीठ. आमच्या सोसायटीतल्या चौघीजणी मिळून तुर्भ्याच्या एपीएमसीतून (घाऊक बाजारातून) फळांची पेटी आणतो आणि वाटून घेतो, किरकोळीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

वहिनी तुमच्यासाठी डबा भरतात असं लिहिलंय, त्यांना सांगा की फळ कापून देऊ नका, अख्खंच द्या. सोलायला वेळ लागू दे. आणि तुम्ही ट्रायग्लिसराइडचा आकडा दिलेला नाही, तो कळवा. शिवाय तुमच्या डाएटवाल्यांच्या फॉर्मवर फळांच्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं होतं आणि तेव्हा तुम्ही ज्यूस पीत होतात का, हे आठवून लिहा.