ट्रॉलीला ५८ हजारांचा रंग द्यावा का?

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे २०१२ सालची पाच टनी ट्रॉली आहे. तळाच्या पत्र्याला भोकं पडली आहेत आणि चॅसीवरून गंजाच्या खपल्या सुटतात. पत्रा बदलायचे १४ हजार कुठेही गेलं तरी लागणारच. रंगाला दोन भाव मिळालेत. गावातला पेंटर तारेच्या ब्रशने घासून, रेडऑक्साइड आणि ऑइल पेंट मारून ११ हजारांत देतो. नाशिकच्या अंबड भागातल्या एका वर्कशॉपने सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणं), झिंकचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर इपॉक्सीचा थर आणि वरून पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग असं ५८ हजारांचं कोटेशन दिलंय. मुलगा म्हणतो, जुनी ७० हजारांत देऊन २ लाख ६० हजारांची नवीच घेऊ, उरलेल्या १ लाख ९० हजारांना फायनान्स कंपनी १३ टक्क्यांनी चार वर्षांचं कर्ज देते. घरात दीड लाखाची एफडी आहे, सोसायटीचं २ लाख ४० हजारांचं पीक कर्ज चालू आहे. शेती अजून आठ-दहा वर्षं करायची आहे. आणि दसऱ्याच्या पूजेला ट्रॉली नव्यासारखी उभी राहावी अशी इच्छा आहे.

दादा, आधी मुलाचं म्हणणं बाजूला करू. १ लाख ९० हजारांचा हप्ता महिन्याला साधारण ५,१०० रुपये बसतो आणि चार वर्षांत निव्वळ व्याजच ५५ हजारांच्या आसपास जातं. म्हणजे नव्या ट्रॉलीच्या नुसत्या व्याजात जुनीचं अंबडचं काम जवळपास होऊन जातं. शिवाय हप्ता दर महिन्याला येतो, द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा. चॅसी शाबूत असेल तर नवी ट्रॉली घेऊ नका.

आता दोन रंगांचा हिशेब. पेंटरचा रंग दोन वर्षं टिकतो असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार. अंबडचं काम आठ वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला सव्वासात हजार. नुसती वर्षाची किंमत पाहिली तर पेंटरच स्वस्त पडतो, आणि हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण या हिशेबात रंगाची किंमत आहे, लोखंडाची नाही. गंजावर मारलेला रेडऑक्साइड गंजालाच चिकटतो. खालच्या खपलीत ओल आणि खताचा क्षार अडकलेला असतो, त्यामुळे वरून ट्रॉली लाल चकचकीत दिसते आणि आतून खाणं चालूच राहतं. दर दोन वर्षांनी तुम्ही आधीपेक्षा पातळ चॅसी रंगवत राहणार.

हे मी आमच्या घरी पाहिलंय. माझं बालपण निफाडकडचं. एका पावसाळ्यात वडिलांनी मोरचुदाची (कॉपर सल्फेटची) अर्धी गोणी ट्रॉलीत ठेवली आणि ती रात्रभर भिजली. सकाळी पाहिलं तर पत्र्यावर तांब्याच्या भांड्यासारखा लालसर थर चढला होता. मला ते फार सुंदर वाटलं होतं. वडील मात्र बादलीवर बादली पाणी ओतत होते. मोरचुदाचं पाणी लोखंडाला लागलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं, म्हणून तर फवारणीचं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) आपण प्लास्टिकच्या ड्रममध्ये करतो, लोखंडी टाकीत नाही. पुढच्या वर्षी पत्र्याला पहिलं भोक बरोबर तिथेच पडलं. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत तर क्लोराइडच, म्हणजे समुद्राच्या मिठाचा भाऊ. तुमची ट्रॉली समुद्रापासून इतकी लांब असूनही कोकणातल्या होडीसारखी गंजते, ती यामुळे.

म्हणून ५८ हजारांत तुम्ही काय विकत घेताय ते नीट पाहा. खरी किंमत रंगाची नाही, ब्लास्टिंगची आहे. झिंक प्रायमरमधलं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, पण ते उघड्या लोखंडाला टेकलेलं असेल तरच. मध्ये गंजाचा थर राहिला तर महागडा प्रायमरही रेडऑक्साइडइतकाच उपयोगाचा. वर्कशॉपने उद्या “ब्लास्टिंग नको, ग्राइंडरने साफ करतो, १५ हजार कमी करतो” असं म्हटलं तर ती सवलत घेऊ नका.

पण सगळ्या ट्रॉलीला सगळे थर कशाला? कोटेशनमध्ये मला इथे जास्तीचा खर्च दिसतो. वरचा पीयूचा थर मुख्यतः उन्हासाठी असतो, कारण इपॉक्सी उन्हात पांढरट पडतं आणि त्याची भुकटी सुटायला लागते. चॅसीच्या खाली ऊन येतच नाही. तिथे ब्लास्टिंग, झिंक प्रायमर आणि इपॉक्सीचा जाड थर एवढं पुरे. साठ्याच्या (माल भरायच्या भागाच्या) आतल्या बाजूला पीयू मारणं तर पैसे वाया घालवणं आहे, शेणखत ओढणारं फावडं पहिल्याच दिवशी त्यावर रेघा मारेल. तिथे नवा पत्रा, त्यावर प्रायमर, आणि खत भरताना खाली जाड ताडपत्री. फाळक्यांची (साठ्याच्या कडेच्या झडपांची) बाहेरची बाजू तुमच्या पेंटरकडेच द्या, ती खराब झाली तरी ट्रॉली मोडत नाही आणि पुन्हा रंगवायला सोपी असते. अंबडला फक्त चॅसी, एक्सलचा भाग आणि तळाची खालची बाजू, यासाठी नवं कोटेशन मागा. ते ३० हजारांच्या आसपास बसलं, बाहेरून रंगाचे ६-७ हजार आणि पत्र्याचे १४ हजार धरले, तर ७२ हजारांचं काम ५१ हजारांत उरकतं आणि गंज जिथे खरोखर घातक आहे तिथे पक्का बंदोबस्त होतो.

गॅल्व्हनायझिंगचंही तुम्ही विचारलंय. काम उत्तम, पण त्यात वस्तू साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. त्यासाठी ट्रॉली पूर्ण सुटी करावी लागेल, पातळ पत्रा उष्णतेने वाकू शकतो, आणि बंद पाइपाला आधी भोकं पाडली नाहीत तर तो आतल्या वाफेने फुटतो. नवी ट्रॉली बांधून घेताना चॅसीसाठी याचा विचार करा. तुमच्या जुनीला नको.

कोटेशन कागदावर घ्या. त्यात ब्लास्टिंग एसए २.५ दर्जाचं (म्हणजे लोखंड जवळपास पूर्ण उघडं होईल इतकं साफ), कोणता थर किती मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि वाळल्यावर जाडीचं मीटर लावून मोजून दाखवणार, हे लिहून घ्या. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि दुसरा टप्पा ब्लास्टिंग झालेलं लोखंड डोळ्यांनी पाहिल्यावरच. ते राखाडी, एकसारखं दिसलं पाहिजे, कोपऱ्यात काळे-तपकिरी डाग नकोत. वेल्डिंग सगळं ब्लास्टिंगच्या आधी उरकायचं, नाहीतर नव्या रंगावर ठिणग्या पडतात. चाकं काढून हब बांधून घ्यायला सांगा, बेअरिंगमध्ये वाळू गेली तर वेगळा खर्च उभा राहतो. चॅसी नंबर कोटिंगखाली बुजू देऊ नका. आणि हे आधी विचारा : जीएसटी धरून भाव आहे की वरून? ५८ हजारांवर १८ टक्के म्हणजे १०,४४० रुपये. हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही.

दसऱ्याचं मात्र मन मोडावं लागतंय. पावसाळी हवेत ब्लास्टिंग केलेलं लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस होतं, आणि त्याच दिवशी प्रायमर बसला नाही तर सगळी मेहनत वाया. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की करा. पण डिसेंबरच्या मध्यापर्यंत लांबवू नका, आपल्याकडच्या कडक थंडीत इपॉक्सी नीट वाळत नाही, आणि जानेवारीअखेर तुम्हाला क्रेट वाहायला ट्रॉली हवीच. दसऱ्याला धुऊन, हार घालून पूजा करा.

आता पैसे कुठून आणायचे? एफडी मोडू नका. पीक कर्ज वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंत केंद्राच्या आणि राज्याच्या सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की ती सवलत गेली. द्राक्षाचा व्यापारी माल उचलतो आणि पैसे थकवतो, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला नवं नाही. असं झालं तर ती तारीख पाळायला तुमच्याकडे ही एफडीच आहे. ट्रॉलीचा खर्च टोमॅटोच्या पैशातून करा, दिवाळीपर्यंत ते हाती येतील असं तुम्ही लिहिलंय. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला तर बँकेत जाऊन एफडीवर कर्ज मागा. ते एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के वर मिळतं. साडेआठ टक्क्यांनी ५० हजार पाच महिन्यांसाठी घेतले तर व्याज १,८०० रुपयांच्या आत राहतं, एफडीही चालू राहते.

शेजारी म्हणतात की २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांवर ट्रॉली भाड्याने लावा, रंगाचे पैसे सहा महिन्यांत सुटतील. कृपा करून हे उत्पन्न हिशेबात धरू नका. तुमची ट्रॉली शेतीकामासाठी नोंदलेली आहे आणि विमाही त्याच वापराचा आहे. भाड्याच्या खेपेत अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि भरपाई तुमच्या जमिनीवर येईल. त्यापेक्षा रंग झाल्यावर मागच्या फाळक्याला आणि दोन्ही बाजूंना चांगली रिफ्लेक्टर पट्टी लावा. पाच-सहाशे रुपयांचं काम आहे, आणि पहाटे अंधारात खळ्यावर माल नेताना मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसली पाहिजे.

हे सगळं करण्याआधी एक काम या रविवारी करा. ट्रॉली रिकामी करा, जॅक लावून साठा उचला, खाली भक्कम टेकू दिल्याशिवाय आत वाकू नका. मग वेल्डरला सोबत घेऊन चॅसीच्या चॅनेलवर वीतभर अंतराने हातोडी मारत जा. एक्सलजवळ, हुकाजवळ आणि जिथे चिखल साचतो त्या कोपऱ्यांत जास्त वेळ द्या. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत आहे. बद्द आवाज आला, खपली पडली, तर तिथे खरवडून कॅलिपरने जाडी मोजा आणि शाबूत जागेच्या जाडीशी ताडून पाहा. एखाद-दुसऱ्या जागी कमी भरली तर तुकडा बदलून घ्या आणि ठरल्याप्रमाणे पुढे चला. पण चॅनेल लांबवर पाव हिश्शापेक्षा जास्त खाल्लेला निघाला, तर अंबडला एक रुपयाही देऊ नका. मोजलेले आकडे मला कळवा, मग एफडीला हात न लावता दोन हंगामांत नव्या ट्रॉलीचे पैसे कसे उभे करायचे ते आपण बसून ठरवू.