वाचकांचे प्रश्न : सीईटीचे गुण अडकतात कुठे?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, जेईई आणि एमएचटी-सीईटी दोन्ही देणार आहे. सीईटीच्या बऱ्याच सराव परीक्षा दिल्या, पण 200 पैकी 110 च्या पुढे गुण जात नाहीत. फिजिक्सचे शेवटचे दहा-बारा प्रश्न राहून जातात. आणखी एक टेस्ट सिरीज लावू का?

उत्तर : लावू नकोस. आधी दिलेले पेपर पुन्हा उघड.

पहिल्या 90 मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न असतात, म्हणजे एकाला जेमतेम 54 सेकंद. पुढची 90 मिनिटं फक्त गणिताच्या 50 प्रश्नांची, प्रत्येकी 2 गुण. पहिल्या भागात वाचवलेला वेळ गणिताला मिळत नाही, त्यामुळे तिथे घाईने संपवून काहीच पदरात पडत नाही. केमिस्ट्री आधी घे. त्यातले बरेच प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या ओळींवरच असतात, ते 35 मिनिटांत उरकायचे. फिजिक्सला 50 मिनिटं ठेव. दीड मिनिटात वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जा. उरलेल्या पाच मिनिटांत राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाला एक पर्याय द्यायचाच.

जेईईला चुकीच्या उत्तराचा एक गुण कापला जातो, म्हणून तुला प्रश्न सोडून द्यायची सवय लागली असणार. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. बारा प्रश्नांना नुसते अंदाजाने पर्याय दिले तरी सरासरी तीन बरोबर येतात.

आता चुकांची वही. तीन तासांचा पेपर दिला की तो तपासायलाही तीन तास काढ. ‘सिली मिस्टेक’ असं लिहू नकोस, त्यातून पुढे काही करता येत नाही. ‘व्यास दिला होता, त्रिज्या धरली’ असं नेमकं लिही. चार-पाच पेपरांत तीच चूक पुन्हा दिसली की दिलेल्या राशीखाली एकक लिहूनच गणित सुरू करायचं, हा नियम आपोआप तयार होतो. आठवड्याने ते प्रश्न उत्तर न बघता परत सोडव.

आणि अकरावी! साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीच्या ठरावीक धड्यांवर येतात. तिन्ही विषय धरून ते 40 गुण होतात. बारावीच्या धांदलीत बहुतेकांचे हेच गुण हातचे जातात. अभ्यासक्रमात दिलेले तेवढेच धडे कर, अख्खं पुस्तक नको.

प्रश्न : मुलीने कला शाखेतून बारावी केली. तिला एमपीएससी करायची आहे. पदवी बाहेरून करून आत्ताच पूर्णवेळ क्लास लावावा का?

उत्तर : घाई करू नका. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागतेच, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना पूर्वपरीक्षेचा अर्ज भरता येतो. तोवर नियमित कॉलेज करू द्या, आणि विषय असा निवडा की परीक्षा नाही निघाली तरी त्यावर पुढे शिकता किंवा नोकरी करता येईल. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, म्हणून रोज एक उत्तर हाताने लिहायचं : 150 शब्द, आठ मिनिटं. कला शाखेची मुलं अडतात ती सीसॅटला, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या गणित-तर्क-आकलनाच्या दुसऱ्या पेपरला. त्यात 33 टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरचे गुण कितीही असोत, उपयोग होत नाही. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग हे आत्तापासून आठवड्यातून तीन दिवस, घड्याळ लावून सोडवायला लावा.